बक्षिसाचा खर्च कोण सोसतो? : दक्षिणा पारितोषिकांपासून ऑनलाइन बक्षीस-योजनांपर्यंत

प्रास्ताविक

लोकांनी एखाद्या उपक्रमात भाग घ्यावा यासाठी त्यांच्यापुढे बक्षीस ठेवण्याची पद्धत जुनी आहे. आज ती मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. प्रश्नाचे उत्तर द्या, मित्राला निमंत्रण पाठवा, देयकाची प्रत अपलोड करा आणि बक्षीस मिळवा, अशी आवाहने आपल्या नित्य परिचयाची झाली आहेत. व्यापारी संस्था, शासन, स्वयंसेवी संघटना आणि अलीकडे आपली महाविद्यालये या सर्वांनीच हा मार्ग स्वीकारला आहे. अशी योजना आखताना आयोजकांपुढचा पहिला प्रश्न बहुधा ‘बक्षीस कोणते व केवढे ठेवावे?’ हा असतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की इतिहासाच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘या बक्षिसाचा खर्च कोण सोसतो?’ हा होय. या प्रश्नाचे उत्तर बदलले की बक्षिसाचे स्वरूप बदलते, सहभागी व्यक्तीचे स्थान बदलते आणि कायद्याची दृष्टीही बदलते.

मराठीत या व्यवहारासाठी तीन शब्द रूढ आहेत. ‘इनाम’ आणि ‘बक्षीस’ हे फार्सीच्या वाटेने आलेले शब्द. त्यांत देणारा वरच्या पायरीवर आणि घेणारा खालच्या पायरीवर असल्याची छटा आहे. ‘पारितोषिक’ हा शब्द ‘परितोष’ म्हणजे संतोष यापासून सिद्ध झाला आहे. गुण पाहून झालेल्या संतोषाची ती खूण असते. या तीन शब्दांपैकी कोणत्या शब्दाच्या अर्थाने आपण योजना आखतो, यावर तिची प्रतिष्ठा अवलंबून असते.

अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

(अ) सहभागवाढीसाठी दिलेल्या बक्षिसांचा भार कोणावर होता, या निकषावर काही निवडक ऐतिहासिक उदाहरणांचा आढावा घेणे. (ब) भारतातील कायद्याने या योजनांकडे कसकसे पाहिले ते स्पष्ट करणे. (क) या आढाव्यातून ऑनलाइन उपक्रमांसाठी बक्षिसे निवडताना उपयोगी पडतील असे निकष मांडणे. येथे संपूर्ण इतिहास सांगण्याचा दावा नाही. महाराष्ट्र व भारत यांतील उदाहरणे केंद्रस्थानी असून परदेशांतील उदाहरणे तुलनेपुरती घेतली आहेत.

दानाकडून पारितोषिकाकडे

महाराष्ट्राच्या इतिहासात बक्षिसाच्या हेतूविषयी जाणीवपूर्वक झालेला एक महत्त्वाचा वाद म्हणजे दक्षिणेचा वाद होय. दाभाड्यांच्या घराण्यात चालत आलेली श्रावणमासातील दक्षिणा वाटण्याची प्रथा १७३१ नंतर पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजी राजवटीने ही प्रथा एकदम बंद केली नाही. लोकमत दुखावू नये, या विचाराने दक्षिणेची रक्कम कमी-अधिक प्रमाणात चालू राहिली. १८२१ साली पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेचा खर्चही याच निधीतून भागवला गेला.

१८४९ च्या सुमारास गोपाळ हरी देशमुख तथा लोकहितवादी आणि त्यांच्या विचारांच्या तरुणांनी मागणी केली की या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. शास्त्रीमंडळींनी या मागणीस कडवा विरोध केला. अखेरीस निधीचा काही अंश मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांसाठी राखला गेला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली.

हा बदल वरवर केवळ लाभार्थी बदलण्याचा दिसतो. वास्तविक तो प्रोत्साहनाच्या कल्पनेतील बदल होता. दक्षिणा व्यक्तीच्या स्थानाला मिळत होती, तर पारितोषिक कृतीला मिळू लागले. मात्र दोन्हींत एक गोष्ट समान राहिली. खर्च सार्वजनिक निधीतून होत होता. ग्रंथ लिहिणाऱ्याने श्रम करावयाचे होते, पैसे भरावयाचे नव्हते. हरलेल्या लेखकाच्या खिशातून जिंकलेल्या लेखकाचे बक्षीस निघत नव्हते, आणि न जिंकलेला ग्रंथही ग्रंथ म्हणून शिल्लक राहत होता.

शब्दकोड्यांचा काळ : स्पर्धकांच्या पैशांतून स्पर्धकांना बक्षीस

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वृत्तपत्रांच्या प्रसाराबरोबर शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा लोकप्रिय झाल्या. कोडे छापलेला प्रवेशअर्ज भरावयाचा, त्यासोबत शुल्क पाठवावयाचे आणि बिनचूक उत्तर आल्यास मोठी रक्कम जिंकावयाची, असे त्यांचे स्वरूप होते. अनेक रिकाम्या जागी एकापेक्षा अधिक शब्द चपखल बसत. त्यामुळे स्पर्धकाचे उत्तर अर्थदृष्ट्या योग्य असणे पुरेसे नव्हते. ते आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळावे लागे. भाषेच्या ज्ञानाची परीक्षा या नावाखाली चालणारा हा व्यवहार बऱ्याच अंशी नशिबावर येऊन ठेपत असे.

मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी व बक्षीस-स्पर्धा यांचे नियंत्रण व त्यांवरील कर यासंबंधीचा अधिनियम केला. त्यात १९५२ साली दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. यातूनच आर. एम. डी. चमारबागवाला यांचा प्रसिद्ध खटला उद्भवला. त्यांचे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक बंगळूर येथे छापले जात असे आणि त्यातील शब्दकोड्यांची स्पर्धा मुंबई राज्यात फार लोकप्रिय होती. साप्ताहिक म्हैसूर राज्यातले, पण प्रवेशअर्ज आणि शुल्क गोळा करण्याची केंद्रे मुंबई राज्यात, अशी ही रचना होती.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय दोन कारणांसाठी महत्त्वाचा आहे. एक, शुल्क येथे गोळा होत असल्याने या व्यवहाराचा राज्याशी पुरेसा प्रादेशिक संबंध आहे, असे न्यायालयाने मानले. आयोजक एका ठिकाणी आणि सहभागी दुसऱ्या ठिकाणी, हा ऑनलाइन युगाचा म्हणून समजला जाणारा प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी टपालाच्या युगात उपस्थित झाला होता, हे येथे लक्षात घ्यावे. दोन, सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातील द्यूतकाराच्या सूक्तापासून स्मृतिग्रंथांपर्यंतचा आढावा घेऊन जुगार हा व्यापारच नव्हे, सबब त्याला व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण नाही, असा निष्कर्ष काढला.

दरम्यान संसदेने १९५५ मध्ये बक्षीस-स्पर्धा अधिनियम संमत केला होता. एका महिन्यात देऊ केलेल्या बक्षिसांचे एकूण मूल्य १,००० रुपयांपेक्षा अधिक असू नये आणि एका स्पर्धेतील प्रवेशिका २,००० पेक्षा अधिक असू नयेत, अशा मर्यादा त्यात घातल्या होत्या. याही अधिनियमाला आव्हान देण्यात आले. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की या मर्यादा जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांपुरत्या आहेत. ज्या स्पर्धांतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, त्यांना त्या लागू होत नाहीत.

या दोन निकालांनी भारतीय कायद्याला ‘कौशल्य की नशीब?’ हा निकष दिला. तथापि १९५५ च्या अधिनियमातील आकड्यांकडे बारकाईने पाहिले असता आणखी एक विचार दिसतो. बक्षीस आणि प्रवेशिका या दोहोंवर एकाच वेळी मर्यादा का? जेथे शुल्क घेतले जाते, तेथे बक्षीस मोठे केले की प्रवेशिका वाढतात आणि प्रवेशिका वाढल्या की आणखी मोठे बक्षीस जाहीर करता येते. हे चक्र स्पर्धकांच्याच पैशांवर फिरते. दोन्ही टोकांना मर्यादा घालून कायद्याने ते चक्र थांबवले.

वस्तूसोबतची भेट : किमतीत दडलेले बक्षीस

शुल्काचा मार्ग अडचणीचा ठरल्यावर बक्षीस वस्तूच्या विक्रीला जोडणे ही पुढची पायरी होती. वेष्टनातील कूपन, झाकणाखालचा क्रमांक, ‘एकावर एक मोफत’ ही त्याची परिचित रूपे. येथे स्पर्धक वेगळे शुल्क देत नाही; परंतु बक्षिसाचा भार वस्तूच्या किमतीत मिसळलेला असू शकतो. मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा अधिनियमात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीने हा मुद्दा नेमका हेरला. जाहीर केलेली भेट न देण्याचा हेतू बाळगणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरली. त्याचबरोबर, जिची किंमत एकूण व्यवहारात पूर्णतः वा अंशतः वसूल केली आहे, अशी भेट ‘मोफत’ असल्याचा आभास निर्माण करणे हेही अनुचित मानले गेले. पुढे ही तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात आली. २००२ च्या दुरुस्तीने योजनेचा अंतिम निकाल सहभागी व्यक्तींपासून दडवून ठेवणे हेही अनुचित ठरवले. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण अधिनियमातही ही तत्त्वे कायम आहेत.

विक्रीला जोडलेल्या बक्षिसांत दुसरा धोका आयोजकालाच असतो. जाहिरातीतील वचन बंधनकारक ठरू शकते, हे इंग्लंडमधील कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीच्या खटल्याने १८९२ मध्येच दाखवून दिले होते. आपले साधन वापरूनही आजार झाल्यास १०० पौंड देऊ, असे कंपनीने जाहीर केले होते आणि प्रामाणिकपणाची खूण म्हणून १,००० पौंड बँकेत ठेवल्याचेही सांगितले होते. न्यायालयाने ती रक्कम द्यावयास लावली. शंभर वर्षांनी, १९९२ मध्ये, ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने १०० पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन परतीची तिकिटे देऊ केली. बक्षीस वस्तूपेक्षा महाग असल्याने लोकांनी नको असलेले यंत्रही तिकिटांसाठी घेतले आणि योजना कंपनीच्या अंगावर आली. त्याच वर्षी फिलिपिन्समध्ये पेप्सीच्या झाकणाखालील क्रमांकांच्या योजनेत ३४९ हा क्रमांक विजयी म्हणून जाहीर झाला. दहा लाख पेसोंचे बक्षीस मोजक्या झाकणांपुरते योजलेले असताना हा क्रमांक लाखो झाकणांवर छापला गेला होता. कंपनीने सद्भावनेपोटी ५०० पेसो देऊ केले. परंतु निदर्शने व हिंसाचार टळला नाही. अनेक वर्षे खटले चालले. २००६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दायित्वातून मुक्त केले खरे. परंतु स्वतःला लक्षाधीश समजून बसलेल्या गरीब माणसाच्या निराशेचे उत्तर त्या निकालात नव्हते.

ही दोन्ही उदाहरणे आयोजकांच्या निष्काळजीपणाची म्हणून सांगितली जातात. ती तशी आहेतच. परंतु त्यांतून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बक्षीस मूळ कृतीपेक्षा फार मोठे असेल, तर लोक कृतीसाठी नव्हे तर बक्षिसासाठी येतात. मग बक्षीस चुकले की मागे काहीच उरत नाही.

लघुसंदेशाचे बक्षीस : २००७ ते २०१९

दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी यांच्या संयोगाने सहभागाचा एक नवाच प्रकार निर्माण झाला. ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमाच्या २००७ मधील तिसऱ्या पर्वात प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ ही स्पर्धा ठेवण्यात आली होती. पडद्यावर आलेल्या सोप्या प्रश्नाचे उत्तर लघुसंदेशाने पाठवावयाचे आणि अचूक उत्तर देणाऱ्यांतून सोडतीने निवडलेल्या एका प्रेक्षकाला प्रत्येक भागात २ लाख रुपये मिळावयाचे. या संदेशासाठी २ रुपये ४० पैसे आकार होता, तर साध्या संदेशाचा दर १ रुपया होता.

एका ग्राहक संघटनेने तक्रार केली की बक्षीस मोफत असल्याचा आभास आहे. वस्तुतः ते वाढीव दरातून दिले जाते. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये ही तक्रार मान्य केली आणि वाहिनी व दूरसंचार कंपनी यांना मिळून १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई देण्यास सांगितले. ५२ भागांतील बक्षिसांची एकूण रक्कम १ कोटी ४ लाख रुपये आणि आलेले संदेश सुमारे ५ कोटी ८० लाख, म्हणजे १३ कोटी ९२ लाख रुपयांचे, हे आकडे आयोगापुढे होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. बक्षिसाची रक्कम संदेशांच्या आकारातूनच दिली गेली, हे सिद्ध करणारा पुरावा तक्रारदाराने दिलेला नाही आणि तो देण्याची जबाबदारी तक्रारदाराचीच होती, अशी न्यायालयाची भूमिका होती.

कायद्याच्या दृष्टीने हा विषय येथे संपला आणि संबंधित कंपन्यांवरील ठपका दूर झाला. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या प्रकरणाचे महत्त्व वेगळे वाटते. शब्दकोड्याच्या काळात शुल्क उघड होते. स्पर्धक ते अर्जासोबत पाठवत असे. येथे आकार संदेशागणिक कापला जात होता आणि तो तंत्रसेवेचा मोबदला, स्पर्धेचे शुल्क की दोन्ही, हे सहभागी व्यक्तीला बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता. आयोगापुढील आकडे क्षणभर गृहीत धरले, तर एका भागातील एका बक्षिसासाठी सरासरी ११ लाखांहून अधिक संदेश येत होते. २ लाखांचे बक्षीस तितक्या संदेशांत विभागले असता प्रत्येक संदेशाच्या वाट्याला सुमारे १८ पैसे येतात, आणि दरातील वाढ होती १ रुपया ४० पैशांची. हा हिशेब कठीण नाही. पण घरात बसून संदेश पाठवणाऱ्याला तो मांडता येईल अशी माहिती त्याच्यापुढे नव्हती. पुराव्याचा भार सहभागी व्यक्तीवर आणि हिशेब आयोजकाच्या कपाटात, हीच या योजनांची खरी अडचण होय.

शासनाच्या ऑनलाइन बक्षीस-योजना

२५ डिसेंबर २०१६ रोजी केंद्र शासनाने ‘लकी ग्राहक योजना’ आणि ‘डिजिधन व्यापार योजना’ सुरू केल्या. निश्चलनीकरणानंतर लोकांनी डिजिटल व्यवहारांकडे वळावे, हा त्यांचा हेतू होता. ५० ते ३,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार सोडतीस पात्र होते. रोज १५,००० ग्राहकांना प्रत्येकी १,००० रुपये, त्याखेरीज साप्ताहिक बक्षिसे आणि १४ एप्रिल २०१७ रोजी, आंबेडकर जयंतीदिनी, १ कोटी रुपयांचे पहिले महाबक्षीस अशी रचना होती. या पर्वाचा समारोप नागपूर येथे झाला. त्याच वेळी भीम ॲपसाठी एक वेगळे प्रोत्साहन जाहीर झाले. दुसऱ्यास ॲपशी जोडून द्यावे आणि त्याने तीन व्यवहार केले की जोडून देणाऱ्यास १० रुपये मिळावेत, असे ते होते.

या रचनेत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, प्रवेशशुल्क नव्हते. ग्राहक जो व्यवहार एरवीही करणार होता, तोच वेगळ्या मार्गाने करावयाचा होता. दुसरी, व्यवहाराच्या रकमेवर वरची मर्यादा घालून योजना सामान्य ग्राहकाकडे वळवली होती. तिसरी, दैनिक बक्षिसांची एकूण रक्कम रोज दीड कोटी होते; म्हणजे ज्या महाबक्षिसाची वृत्तपत्रांत चर्चा झाली, ते एका दिवसाच्या लहान बक्षिसांहूनही कमी खर्चाचे होते. लक्ष वेधण्याचे काम एका मोठ्या बक्षिसाने केले. ‘आपल्यालाही मिळू शकते’ हा विश्वास देण्याचे काम हजारो लहान बक्षिसांकडे होते.

हीच दृष्टी १ सप्टेंबर २०२३ पासून काही राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत प्रायोगिक तत्त्वावर राबवलेल्या ‘मेरा बिल मेरा अधिकार’ योजनेत दिसते. २०० रुपयांवरील वस्तू व सेवा कराचे देयक अपलोड करणाऱ्यांतून दरमहा ८०० जणांना १०,००० रुपये आणि १० जणांना १० लाख रुपये, तर दर तिमाहीस दोघांना १ कोटी रुपये असे तिचे स्वरूप होते. या कल्पनेचे मूळ तैवानमध्ये आहे. तेथे १९५१ पासून एकसमान पावतीच्या क्रमांकांवर सोडत काढली जाऊ लागली, जेणेकरून ग्राहकाने दुकानदाराकडे पावतीचा आग्रह धरावा. येथे बक्षीस करातून येते आणि ग्राहकाच्या आग्रहाने बुडणारा कर वसूल होतो. ज्या कृतीसाठी बक्षीस आहे तीच कृती बक्षिसाचा खर्च भरून काढते, आणि हरलेल्याच्या खिशाला चाट बसत नाही.

तथापि या योजनांतही सहभागी काहीच देत नाही, असे म्हणता येणार नाही. तो आपली माहिती देतो. मोबाइल क्रमांक, खर्चाच्या सवयी, परिचितांचे संपर्क ही आजची प्रवेश-किंमत आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने संमती आणि विशिष्ट हेतू यांची अट घातली, ती याच जाणिवेतून. शुल्क रद्द झाले म्हणून बक्षीस फुकट होत नाही. नाणे बदलते इतकेच.

निकषाचा प्रवास

१९५७ च्या निकालांनंतर दीर्घकाळ ‘कौशल्य की नशीब?’ हाच प्रश्न निर्णायक राहिला. १९९६ मध्ये लक्ष्मणन् खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या मानल्या. पुढे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या कंपन्यांनी याच युक्तिवादाचा आश्रय घेतला. २०२५ साली संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियमाने मात्र वेगळी वाट धरली. जिंकण्याच्या अपेक्षेने शुल्क वा पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो प्रतिबंधित ठरवला आणि ई-क्रीडांना त्यातून वगळले. या धोरणाच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद संभवतात. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट आहे. सुमारे सात दशकांनंतर कायद्याचा भर ‘उत्तर कसे काढले?’ यावरून ‘पैसे कोणी लावले?’ याकडे सरकला. १९५५ च्या अधिनियमात आकड्यांच्या आडून डोकावणारा प्रश्न आता मुख्य झाला.

आपल्या महाविद्यालयांपुढील प्रश्न

२०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालयांनी ऑनलाइन प्रश्नमंजूषांचा सपाटा लावला. प्रस्तुत लेखकानेही विभागातर्फे अशी एक प्रश्नमंजूषा घेतली होती. ठरावीक गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला ई-प्रमाणपत्र आपोआप पाठवले जात होते. प्रतिसाद अपेक्षेहून मोठा आला, याचा तेव्हा आनंद झाला. नंतर उत्तरे तपासताना लक्षात आले की अनेकांनी गुण पुरेसे होईपर्यंत तोच अर्ज पुनःपुन्हा भरला होता. प्रश्नांखाली संदर्भासाठी दिलेले वाचनसाहित्य फारसे कोणी उघडल्याचे दिसत नव्हते. आणि ज्याची काहीही गरज नव्हती, तो मोबाइल क्रमांक आम्ही प्रत्येकाकडून सक्तीने घेतला होता. कोणताही गैरहेतू नव्हता. इतर अर्जांत तो रकाना होता म्हणून आमच्याही अर्जात आला. एका विद्यार्थ्याने नंतर सहज विचारले, “सर, नंबर कशाला घेतला होता?” या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेखाची प्रेरणा तो प्रश्न आहे.

लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे आठवतो. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालकांपैकी ज्यांना आधी प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवले गेले, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रे काढण्याकडे कमी वळली. ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्या आवडीत अशी घट दिसली नाही. याचा अर्थ बक्षीस देऊ नये असा नव्हे. ज्या गोष्टीची गोडी लावावयाची आहे, तिच्याहून बक्षीस वेगळे आणि मोठे झाले की गोडी मागे पडते, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा. इतिहासाच्या प्रश्नमंजूषेस ग्रंथ, गडभेट वा अभिलेखागाराची भेट हे बक्षीस शोभते; कारण ते मिळाल्यावर विद्यार्थी इतिहासाच्याच आणखी जवळ जातो. १८५१ च्या पारितोषिक योजनेचे बळ हेच होते की तिच्यामागे मराठी ग्रंथ उभे राहिले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. सहभागाचा खर्च आयोजकाने वा सार्वजनिक निधीने सोसावा. सहभागी व्यक्तींच्या शुल्कातून बक्षीस देण्याची रचना पारितोषिकाला सोडतीच्या दिशेने नेते.

२. एका मोठ्या बक्षिसापेक्षा अनेक लहान बक्षिसे सर्वसामान्यांचा विश्वास अधिक टिकवतात. मोठे बक्षीस लक्ष वेधण्यापुरते असावे आणि ते देण्याची ऐपत व छपाई-तंत्राची खातरजमा आधी करावी.

३. बक्षीस मूळ कृतीशी सुसंगत असावे. ते चुकले तरी सहभागी व्यक्तीच्या हाती काही उरले पाहिजे.

४. किती प्रवेशिका आल्या, निवड कशी झाली आणि कोणत्या क्रमाने झाली, हे योजना संपताच जाहीर करावे. कायद्याची सक्ती असो वा नसो, हिशेब मागण्याची वेळ सहभागी व्यक्तीवर येऊ नये.

५. गरजेपेक्षा अधिक वैयक्तिक माहिती मागणे हे शुल्कच समजावे आणि शुल्काइतक्याच संकोचाने मागावे.

समारोप

दक्षिणेच्या वादात १८४९ च्या तरुणांनी विचारलेला प्रश्न रकमेचा नव्हता. हा पैसा कोणाचा आणि तो कशासाठी खर्च व्हावा, असा तो प्रश्न होता. टपालाने शब्दकोडी पाठवणाऱ्यांच्या, संदेश पाठवणाऱ्यांच्या आणि अर्जातील रकाने भरणाऱ्यांच्या पिढ्या त्यानंतर येऊन गेल्या. साधने बदलली, प्रश्न तोच राहिला. पुढील वेळी आपल्या विभागाची ऑनलाइन स्पर्धा ठरवण्यासाठी आपण एकत्र बसू, तेव्हा बक्षिसाच्या यादीआधी हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवला जावा, एवढीच अपेक्षा.